फ्रान्सच्या गच्चीवरच्या कुरडया

माझी आई इचलकरंजीत सगळ्यांना सांगते की मुलगी फ्रान्समध्ये राहते. ती खोटं बोलत नाही. माझ्या पत्त्यात आधी इमारतीचा नंबर आहे, मग फ्रान्स आहे, आणि अगदी शेवटी, आईच्या आवाजात ऐकू न येण्याइतकं बारीक, दुबई आहे.

दुबईच्या कडेला इंटरनॅशनल सिटी नावाची वसाहत आहे. बांधणाऱ्यांनी तिचे भाग पाडले आणि त्यांना देशांची नावं देऊन टाकली. फ्रान्स, इंग्लंड, स्पेन, इटली, ग्रीस, रशिया. इमारती सगळ्या सारख्याच बुटक्या. फ्रान्सच्या खिडक्यांना एक नक्षी आणि स्पेनच्या खिडक्यांना दुसरी, एवढाच काय तो युरोप. फ्रान्समध्ये माझी आत्या आणि मामा, म्हणजे आत्याचे यजमान, बारा वर्षं राहतात. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका साइनबोर्डच्या कारखान्यात मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या हॉलमधल्या सोफ्यावर येऊन पडले.

पहिल्याच आठवड्यात मी अर्धा युरोप चपला घासत पालथा घातला. फ्रान्समध्ये पहाटे तंदूर रोटीच्या भट्टीचा वास येतो. भट्टीवाला पेशावरचा आहे. इटलीत केरळी माणसाच्या टपरीवजा हॉटेलात वेलचीचा दाट चहा मिळतो, त्याला करक म्हणतात. इडलीचं पीठ हवं असेल तर ग्रीसला जावं. स्पेनमध्ये एक फिलिपिनो बाई केस कापते आणि कापताना गाते. रशियात रविवारी लुंगी वर खोचून क्रिकेट चालतं. आमच्या इमारतींचं मेंटेनन्सचं ऑफिस मात्र इंग्लंडमध्ये आहे. राज्य करायची सवय इंग्लंडनं इथंही सोडलेली नाही. फ्रान्समध्ये मला आजवर एकही फ्रेंच माणूस भेटलेला नाही.

रस्ता ओलांडायला मला दोन आठवडे लागले. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी माझ्यासाठी थांबायची, आणि मी गाडीसाठी. मी हातानं ‘जा, जा’ करायचे, आतला माणूस ‘या, या’ करायचा. शेवटी मागच्या गाडीतला कुणीतरी ‘यल्ला, हबीबी!’, म्हणजे ‘चल की बाबा!’, म्हणून ओरडला, तेव्हा मी पळत सुटले.

पण सगळ्यात जास्त मला खुपल्या त्या भिंती. कोऱ्या, स्वच्छ, लांबच लांब भिंती! इचलकरंजीत आमच्या गल्लीत इंचभर भिंत मोकळी सापडत नाही. इथं खांबांवर ‘बेड स्पेस मिळेल’, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं, अशा चिठ्ठ्या लागतात, त्याही संध्याकाळपर्यंत कुणीतरी खरवडून टाकतं. एवढ्या भिंती आणि एक मागणी नाही, एक निषेध नाही, एक जाहीर सभा नाही. ताटात अन्न टाकून कुणी उठून जावं तसं मला वाटायचं.

त्याला कारण माझे बाबा. बाबा आयुष्यभर पत्रकं काढत आले. यंत्रमाग कामगारांची, हुंड्याविरुद्धची, अंगात येण्याविरुद्धची, नळाला पाणी न येण्याविरुद्धची. आमच्या घरी उरलेली पत्रकं कधी टाकली जात नसत. माझ्या शाळेच्या वह्यांना त्यांची कव्हरं होती, फडताळात त्यांचे कागद अंथरलेले होते, चिवड्याच्या डब्याच्या तळाशी ‘बुवाबाजीला मूठमाती’ होती. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावर. त्यामुळे मला बरीच वर्षं वाटायचं की प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हानंच संपतं. बाबांचे नियम तीन होते. मागण्या तीनच लिहाव्यात, पाच लिहिल्या तर कुणालाच आठवत नाहीत. उदाहरण ठोस द्यावं. आणि खाली आपलं नाव टाकावं, कारण नाव नसलेलं पत्रक म्हणजे नुसती अफवा.

मला जसा भिंतींचा त्रास व्हायचा तसा आत्याला उन्हाचा.

“बघ की गं,” ती खिडकीत उभी राहून म्हणायची, “एवढं ऊन! नुसतं वाया चाललंय. कुणी काही घालतच नाही त्यात.”

बाल्कनीत काही वाळत घालायची इथं मनाई आहे. म्हणून मार्च उजाडला की आत्याचे डोळे गच्चीकडे लागत. गच्चीला कुलूप. वर पाण्याच्या टाक्या, एसीची यंत्रं, डिश. किल्ली नातूरकडे. इमारतीच्या रखवालदाराला इथं सगळे नातूर म्हणतात. आमचे नातूर बांगलादेशातल्या एका नदीकाठच्या गावचे. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, तळमजल्यावर जिन्याखाली त्यांची खोली. आत्या त्यांना भाऊ म्हणायची, ते आत्याला आपा. गेली आठ वर्षं उन्हाळ्यात दोन-तीनदा भाऊ किल्ली घेऊन आत्याबरोबर गच्चीवर जात, दारात खुर्ची टाकून बसत, आणि आत्या कुरडया, सांडगे, पापड घालून आली की पुन्हा कुलूप लावत. ही गोष्ट कुणी कुणाला विचारलेली नव्हती आणि कुणी कुणाला सांगितलेली नव्हती.

एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा आत्याबरोबर वर गेले. शनिवारी रात्रीच चीक शिजवून ठेवायचा नाही, पहाटे शिजवायचा, असा तिचा दंडक. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा तो पांढराशुभ्र चीक गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि प्लास्टिकवर गोल गोल वेटोळी पाडायची. रविवारी सकाळी सातला आम्ही दोघी वर होतो. खाली फ्रान्स झोपलेलं होतं. गच्ची केवढी! आमच्या कुरडयांनी तिचा एक कोपरासुद्धा भरला नाही.

“आत्या,” मी म्हटलं, “इमारतीत इतकी घरं. बाकीच्यांना का नाही ही गच्ची?”

“त्यांना कुठं कुरडया येतात करायला?”

“लोणच्याचे आंबे वाळवतील. गाद्या वाळवतील. नुसते येऊन बसतील! आपल्यालाच का? हा विशेषाधिकार झाला.”

“व्हय,” आत्या सोऱ्या पिळत म्हणाली, “आता तो सोऱ्या धर, विशेषाधिकार.”

मी सोऱ्या धरला, पण पत्रक माझ्या डोक्यात जुळलं होतं. खरं सांगायचं तर ते जुळूनच आलं होतं, फक्त विषय सापडायचा होता. कुरडया वर टाकून, भाऊंनी कुलूप लावल्यावर, मी मामांच्या प्रिंटरवर ते छापलं. मथळा होता, ‘सूर्य कुणाच्या मालकीचा?’ खाली इंग्रजी, हिंदी आणि मराठी. मागण्या तीन. गच्ची सर्व रहिवाशांना खुली करा. बसायला बाक ठेवा. वेळा ठरवा. अन्यथा रहिवासी एकजुटीनं आवाज उठवतील! आणि ठोस उदाहरण म्हणून मी लिहिलं: ‘आमच्या नातूरभाईंच्या चांगुलपणामुळे एका कुटुंबाला आठ वर्षं गच्ची वापरायला मिळते. एका गरीब माणसाला जे माणुसकीनं कळतं ते व्यवस्थापनाला नियमानं का कळू नये?’

हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं.

खाली सही केली, ‘फ्रान्समधील एक रहिवासी.’ नाव टाकलं नाही. मामांची भाड्याची जागा, त्यांना त्रास नको, असं मी स्वतःला समजावलं. मग दुपारी सगळे झोपलेले असताना एकेका दाराखालून कागद सरकवत खाली आले.

संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या. त्या वसईच्या, एका हॉटेलात रिसेप्शनला. चर्चहून परतल्या होत्या, अंगावर अजून चांगला फ्रॉक, हातात माझं पत्रक.

“हे कुणी लिहिलंय, काही कल्पना?” त्यांनी विचारलं.

“नाही बाई. कुणी लिहिलंय?” मी म्हटलं.

“अगं, या इमारतीत मराठी घरं दोन. एक माझं. आणि मी तर कधी कुणाला ‘अन्यथा’ म्हटलेलं नाही.”

मामांनी कागद हातात घेतला, वाचला आणि सोफ्यावर, म्हणजे माझ्या गादीवर, बसले.

“हे काय इचलकरंजी आहे?” ते एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, “बारा वर्षांत मी ऑफिसात साधा सजेशन बॉक्ससुद्धा उघडून बघितला नाही गं.” मग आणखी थोड्या वेळानं, “परवानगीशिवाय कागद वाटला तर इथं काय होतं ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हतं. मी बाबांसारखा चेहरा केला.

काय झालं ते सोमवारी कळलं. मी शारजात, कारखान्यात, ‘येथे हेल्मेट घाला’ अशा पाट्यांचं हिंदी तपासत होते. दुपारी आत्याचा व्हॉइस मेसेज आला. मागे पायऱ्या चढून आल्यासारखा दम.

“अगं, त्यांनी गच्चीचं कुलूप बदललं. दोन माणसं आली, जुनं तोडलं, नवीन लावलं. किल्ली घेऊन गेली. आणि अगं, कुरडया वर राहिल्या!”

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा उरलेली हकीगत समजली. माझं पत्रक एका रहिवाशाला पटलं होतं. इतकं पटलं की त्यानं फोटो काढून ‘उत्तम सूचना’ असं लिहून तो थेट मेंटेनन्सच्या ऑफिसला पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लिखाणानं कुणाचं तरी मन वळवलं होतं. ऑफिसनं सूचना बाजूला ठेवली आणि ठोस उदाहरण वाचलं.

मी जिन्याखालच्या खोलीकडे गेले. दार उघडं होतं. भाऊ खाटेवर बसून शर्टांच्या घड्या घालत होते आणि एका बॅगेत रचत होते. भिंतीवर कॅलेंडर, खिडकीत पुदिन्याची कुंडी, कोपऱ्यात आत्यानं दिलेला पापडाचा डबा.

“भाईसाब, बॅग?”

“उम्म अल कुवैन,” ते म्हणाले. ते दुबईपासून गाडीनं तासाभरावर. “सुपरवायझर बोला, गुरुवार से उधर. गोदाम है. आदमी नहीं है उधर, खाली गोदाम.”

मी त्यांना सांगितलं की ते मीच लिहिलं होतं. त्यांनी मान हलवली. त्यांना माहीत होतं. सगळ्या इमारतीला माहीत होतं.

“दीदी,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढलेला नव्हता हेच वाईट होतं, “गाली लिखता तो चलता. सुपरवायझर बोलता, अच्छा है, नातूर सख्त है. आप तारीफ क्यों लिखा?”

मी पत्रकांच्या घरात वाढले. निषेधाला उत्तर कसं द्यायचं ते मला पाठ होतं. याला काय उत्तर द्यायचं ते कुठल्याच डब्याच्या तळाशी मी वाचलेलं नव्हतं.

“इधर मेरा भाई है, स्पेन में,” ते पुढे म्हणाले. “वो बिल्डिंग में नातूर. रोज शाम को साथ खाना खाता. नौ साल से.” मग त्यांनी हातातला शर्ट उलगडून पुन्हा घडी घातली. पहिली घडी सरळच होती.

घरी आल्यावर आत्यानं माझ्यासाठी बेत तयार ठेवला होता. “उद्या ऑफिसात जायचं आणि सांगायचं, किल्ली मीच उचलली. भाऊंना पत्ताच नव्हता.”

“आत्या, आठ वर्षं? मी फेब्रुवारीत आले.”

“मग सांग, पत्रकात खोटं लिहिलं.”

“पत्रकात मी खोटं लिहीत नाही.”

“अगं माणूस चाललाय तिकडं गोदामात!” आत्या खरंच चिडली. “आणि तुझं खरं काय चाटायचंय?”

मामा मध्ये पडले. ते म्हणाले की जाऊ नका, काही बोलू नका, काही लिहू तर मुळीच नका, इन्शाल्ला सगळं निवळेल. त्यांच्याकडे आम्ही दोघींनीही एकदम असं बघितलं की ते उठून पाणी प्यायला गेले.

मी बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं. बाबांनी विचारलं, “नाव टाकलं होतंस?” मी म्हटलं, नाही. पलीकडे यंत्रमाग खडखडत होते. “मग आता जाऊन टाक,” ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी कारखान्याला अर्धा दिवस सुटी टाकून मी आणि आत्या फ्रान्समधून इंग्लंडला निघालो. दहा मिनिटं लागतात. आत्यानं मागच्या खेपेच्या कुरडया तळून डब्यात घेतल्या होत्या. मी म्हटलं, ही लाच होते. ती म्हणाली, हा नाश्ता होतो.

सुपरवायझर इजिप्तचे होते. टेबलावर माझं पत्रक, त्यावर चहाचा गोल डाग. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोघंही परक्या गावात वाट विचारत चालावं तसं चाललं होतं.

“हे मी लिहिलं,” मी उभ्यानंच म्हटलं. “माझं नाव खाली नव्हतं. ते आता घालायला आले आहे.” आणि खिशातलं पेन काढून मी खरोखरच कागदावर नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

त्यांनी नाव बघितलं. मग मथळ्यावर बोट ठेवलं. “सूर्य कुणाच्या मालकीचा?”

“हो.”

“माझ्या बहिणी, सूर्य तुझा. सगळा घेऊन जा. जुलैमध्ये ये, माझा पण वाटा देतो.” आत्याला काही कळलं नाही, पण ते हसले म्हणून तीही हसली. मग त्यांचं हसू थांबलं. “गच्चीला कठडा एवढासा आहे. त्या बाकावर बसायला वर आलेला माणूस पडला, तर तू पत्रक लिहिशील. आणि मी तुरुंगात बसून वाचीन. किल्ली कुणी दिली?”

हाच तो प्रश्न होता. ‘की’ हा शब्द आत्यालाही कळला आणि तिनं माझ्या पायावर पाय दिला.

“त्यांनी दिली,” मी म्हटलं. आत्याचा पाय आणखी दाबला गेला. “आठ वर्षं दिली. प्रत्येक वेळी स्वतः दारात खुर्ची टाकून बसले. उठून चहाला गेले नाहीत. माझी आत्या कठड्याजवळ गेली की ओरडायचे. आठ वर्षांत कुणी पडलं नाही ते त्यांच्यामुळे. यात चूक असेल तर ती त्यांची एक आणि माझी एक. माझी मोठी. त्यांनी किल्ली दिली, मी ती जगजाहीर केली. मला पाठवा उम्म अल कुवैनला.”

“तुला गोदाम सांभाळता येतं?”

“नाही.”

“मग काय येतं?”

“लिहिता येतं,” मी म्हटलं. “आणि पाट्या बनवता येतात.”

ते खुर्चीत मागे टेकले. टेबलाच्या खणातून त्यांनी एक कागद काढला. त्यांनी दोन वर्षांपूर्वी लिहिलेली नोटीस होती ती, ‘गच्चीवर जाण्यास मनाई’, सगळ्या इमारतींत लावलेली. “ही कुणी वाचली? कुणीही नाही. आणि तुझा कागद एका दिवसात सगळ्या फ्रान्सनं वाचला.” त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “तू मला नोटीस लिहून दे. गच्ची बंद. तुझ्यासारखी लिही, लोक वाचतील अशी. तीन भाषांत. खाली तुझं नाव नको, ऑफिसचं. ती लागली की तुमचा नातूर तिथंच राहील. नवी किल्ली मात्र माझ्याकडे. खलास.”

मी, जिच्या घरी बंदीविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे कपाटावर आहेत, तिनं बंदीचं पत्रक लिहायचं! मी म्हणणार होते की हे माझ्या तत्त्वात बसत नाही. पण तेवढ्यात डोळ्यांसमोर तो शर्ट आला, सरळ घडी उलगडून पुन्हा घातलेला.

“लिहिते,” मी म्हटलं. “पण मग वाळवण कुठं घालायचं? इमारतीच्या मागे, पंपाच्या खोलीशेजारी...”

त्यांनी हात वर केला. “जमिनीबद्दल माझ्याकडे कुठलाही नियम नाही. कुठलाही कागद नाही. आणि कृपा कर,” ते म्हणाले, “तू लिहू नकोस.”

आत्यानं डबा पुढे सरकवला. त्यांनी एक कुरडई उचलली, उजेडात धरून तिच्या वेटोळ्यातून आरपार बघितलं आणि विचारलं की हे खायचं असतं का भिंतीवर लावायचं असतं.

नोटीस मी त्याच रात्री लिहायला बसले नाही, कारण चांगलं पत्रक सकाळी लिहावं. बुधवारी कारखान्यात जेवणाच्या सुटीत लिहिली. मथळा होता, ‘वर काहीही नाही, खाली या!’ उद्गारचिन्ह मी ठेवलं. खाली तीन कारणं: कठडा बुटका आहे, यंत्रं तापलेली आहेत, आणि तुम्ही पडलात तर घरी फोन आम्हाला करावा लागेल. पाटी कारखान्यात कापून, पिवळ्या रंगात, स्वतः घेऊन आले. गुरुवारी भाऊंनी ती गच्चीच्या दारावर लावली. स्क्रू आवळताना त्यांनी हिंदी मोठ्यानं वाचलं.

“इसमें मेरा नाम नहीं है ना?”

“नाही.”

“तारीफ?”

“एक शब्द नाही.”

“शुक्रिया,” ते म्हणाले, आणि बॅग पुन्हा खाटेखाली सरकवायला गेले.

रविवारच्या कुरडया सुपरवायझरांच्या माणसानं शुक्रवारी खाली आणून दिल्या. पाच दिवस दुबईचं ऊन खाऊन त्या एवढ्या कडक झाल्या होत्या की आत्यानं एक दारावर आपटून बघितली. निम्म्या कबुतरांनी नेल्या होत्या. “पोटात जाऊन फुगतील मेल्यांच्या,” ती म्हणाली.

आता वाळवण इमारतीच्या मागे, पंपाच्या खोलीशेजारी असतं. वसईच्या बाईंनी आमच्या शेजारी बोंबील घातले, मग चौथ्या मजल्यावरच्या एका तमीळ कुटुंबानं मिरच्या. कुणी कुणाला विचारलं नाही. भाऊंची खुर्ची तिथं असते. रविवारी संध्याकाळी स्पेनमधून त्यांचा भाऊ येतो आणि दोघं कबुतरं हाकतात. आत्यानं त्यांना शिकवलेल्या शिव्या ते हाकताना वापरतात, इतक्या शुद्ध इचलकरंजीच्या की मी खिडकीतून ऐकते तेव्हा मला क्षणभर घरी असल्यासारखं वाटतं.

परवा बाबांचा फोन आला. त्यांना फायलीला दोन्ही कागद हवेत, पत्रकही आणि नोटीसही. मी म्हटलं, नोटीस कशाला, ती तर बंदीची आहे. ते म्हणाले, लिहिली कुणी? मी पाठवते म्हटलं. मग त्यांनी विचारलं की त्या मागच्या जागेवर लोक वाळत घालतात, त्याला काही संरक्षण आहे का? लेखी काही?

खिडकीखाली मिरच्या लालभडक पडल्या होत्या. माझे हात शिवशिवले. मथळासुद्धा सुचला होता, आणि फार चांगला होता.

“नाही बाबा,” मी म्हटलं, “लेखी काही नाही,” आणि कबुतर उतरलं होतं म्हणून भाऊंना हाक मारायला फोन बाजूला ठेवला.